खिंड चढून आलेली लाटी

चॉकलेट वडखळच्या पुढे येत नाही. पेणहून निघताना ते खिशात कडक असतं आणि वडखळला, जिथे अलिबागचा रस्ता फुटतो, तिथे त्याची आमटी झालेली असते. केळं नागोठण्यापर्यंत टिकतं म्हणतात. टिकतं, पण पिशवीत त्याचं शिकरण होतं आणि त्या शिकरणातून मी एकदा घराच्या किल्ल्या धुऊन काढल्या आहेत. चिक्कीतला गूळ उन्हानं सैल पडला की ती कागदाला सोडत नाही, मग अर्धी चिक्की आणि अर्धा कागद असा फराळ करावा लागतो. चिवडा चालत्या सायकलवर एका हातानं खाऊन बघावा, म्हणजे शेंगदाणा नाकात कसा जातो ते कळतं. लेकानं बंगळुरूहून पाठवलेल्या पौष्टिक वड्या मात्र वितळल्या नाहीत. पण त्या चघळताना तोंडात होती नव्हती ती ओल गेली आणि भिसे खिंडीच्या पायथ्याशी मी बाटलीतलं शेवटचं पाणी एका वडीवर खर्च केलं. वडीच्या वेष्टनावर बर्फात उभा असलेला माणूस होता. त्याचं काय जातंय!

हे सगळं ज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर, गेल्या उन्हाळ्यात मिळालं. मी पेणच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सायकल घेतली होती ती गुडघ्यांसाठी. पहाटे जित्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढीच माझी मजल. भर उन्हाळ्यात दर रविवारी पेणहून रोह्याला सायकल मारत जायची हौस मला मुळीच नव्हती. मी जात होते ते माझ्या वडिलांसाठी, कारण त्यांनी जेवण सोडलं होतं.

आई दिवाळीनंतर गेली. बाबांनी रडून घेतलं, तेराव्यापर्यंतचं सगळं स्वतः उभं राहून नीट केलं, आणि मग हळूहळू ताट पुढे सरकवायला लागले. रोह्याला ते भाऊ-वहिनीजवळ राहतात. वहिनीनं करून बघितलं नाही असं काही उरलं नव्हतं. बाबा दोन घास चिवडायचे, "पोट भरलंय" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. कवळी काढून त्यांनी पाण्याच्या वाटीत ठेवली, ती ठेवलीच. होळीपर्यंत त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात बिघाड काही नाही, मनच उठलंय. पण असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. बाबा समोरच बसले होते. दुसऱ्या कुणाविषयी बोलणं चाललंय अशा चेहऱ्यानं त्यांनी मान हलवली.

मी दर रविवारी सकाळच्या गाडीनं जायचे. डब्यात कधी घावन, कधी तांदळाची उकड, कधी मऊ भात आणि मेतकूट. "ठेव बाय, मग खाईन," ते म्हणायचे. तो 'मग' काही उजाडायचा नाही. संध्याकाळी तोच डबा तसाच जड घेऊन मी परत निघायचे आणि गाडीत खिडकीकडे तोंड करून बसायचे.

एका रविवारी हाच डबा घरी विसरला. स्टेशनच्या अर्ध्या वाटेतून मागे फिरले आणि गाडी गेली. पुढची केव्हा, हे कुणाला विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते. सायकल हातात होतीच. रागाच्या भरात तशीच हायवेला लागले. राग वडखळपर्यंत पुरला, त्यापुढे नुसतं ऊन होतं. ट्रकांची धूळ, खाडीकडून येणारा खारा वारा, मिठागरांवरच्या राशी इतक्या पांढऱ्या की डोळे मिटले तरी दिसत होत्या. खिंडीत मी सायकल ढकलत चढले. रोह्याला पोचले तेव्हा वहिनी दारातच ओरडली, "ताई! सायकलनं आलात?"

आतून बाबांचा आवाज आला. "कोन सायकलनं आला?"

ते पलंगावरून उठले. भिंतीला धरत ओटीवर आले आणि वाकून त्यांनी मागच्या चाकावर अंगठा दाबला. "हवा कमी हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "खिंडीत उतरलीस?"

"उतरले. ढकलत आणली."

"मी पन उतरायचो."

त्यांनी त्या दिवशीही डब्याला हात लावला नाही. पण महिनाभरात त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं ओळीनं कुणी ऐकली नव्हती. मी तिथेच ठरवलं की आता यायचं ते सायकलनंच.

बाबा हिवताप खात्यात होते. रोह्याच्या आसपासची गावं त्यांनी सायकलवर पालथी घातली. कुणाला थंडीताप आलाय का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, पुढच्या गावी जायचं. उन्हाळा असो, काही असो, फिरती चुकायची नाही. हँडलला कापडी पिशवी आणि तिच्यात आईनं दिलेला जर्मनचा डबा. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की भाऊ आणि मी ओटीवरून उडी मारून त्या पिशवीवर पडायचो, कारण डब्यात नेहमी काहीतरी उरलेलं असायचं. बहुतेक वेळा चतकोर भाकरी. दिवसभर उन्हात हिंडून वाळलेली, लसणाच्या चटणीनं कडेला लाल झालेली. घरात टोपलीभर ताज्या भाकऱ्या असताना आम्ही त्या चतकोरासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. बाबा पाय धुता धुता म्हणायचे, "भांडू नका. अर्धी अर्धी."

तर मी सायकलनं जायला लागले आणि वर सांगितलेले सगळे फजितीचे प्रकार झाले. त्या वडीवाल्या रविवारी रोह्यात मला दोन ग्लास सरबत प्यायल्याशिवाय बोलता आलं नाही. पेणला परतल्यावर शेजारणीनं मला बघितलं. ती उन्हाळाभर पोह्याचे पापड करते. तिच्या अंगणात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते.

"काय गो, सुकट झालीस!" ती म्हणाली. "वाटंत खातंस तरी काय?"

मी बर्फातल्या माणसाची हकिगत सांगितली. ती इतकी हसली की हातातलं मुसळ खाली ठेवावं लागलं. "त्याला काय ठावं आपलं ऊन? ह्या ने," म्हणाली आणि एका डबीला आतून तेलाचा हात फिरवून तिनं लाट्या भरून दिल्या.

पोह्याचं पीठ, मिरची, हिंग, मीठ, पापडखार. घट्ट भिजवायचं, तेल लावून कुटायचं, लांब वळी करून दोऱ्यानं तुकडे कापायचे. तो एकेक तुकडा म्हणजे लाटी. लाटून वाळवली की पापड. पण आमच्याकडे निम्म्या लाट्या पोळपाटापर्यंत पोचतच नाहीत, तेलात बुडवून कच्च्याच पोटात जातात. लहानपणापासून मी त्या खात आले, चार जास्त झाल्या की पोट धरून बसतही आले. ही खायची वस्तू सायकलवर न्यायची असते हे मला कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नागोठण्याचा पूल ओलांडून मी सावलीला थांबले आणि डबी उघडली. लाट्या वितळल्या नव्हत्या, सुटल्या नव्हत्या, आंबल्या नव्हत्या. उन्हानं त्या नुसत्या कोमट आणि मऊ झाल्या होत्या. एक तोंडात टाकली. आधी तेल, मग तिखट, मग मीठ. आणि कोरड्या पडलेल्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं! घामावाटे अंगातून गेलेलं काहीतरी परत येतंय हे अक्षरशः कळत होतं, पायांपर्यंत कळत होतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या डबीकडे बघत राहिले. भूगोलाच्या बाईंनी नवल करावं अशा पुष्कळ गोष्टी जगात आहेत, पण एका लाटीसमोर मी इतकी थक्क होईन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

त्या दिवशी खिंड मी न उतरता चढले. घरी पोचून ओटीवर थंड फरशीवर सरळ आडवी झाले. सायकल भिंतीला टेकवलेली, बाबा शेजारी खुर्चीत. वहिनी सरबत करायला आत गेली. मी डोळे किलकिले करून पडले होते, तेवढ्यात हँडलच्या पिशवीची चेन वाजली.

बाबांचा हात पिशवीत होता. चाचपून त्यांनी डबी बाहेर काढली, झाकण काढलं आणि आत बघितलं. डबीत दीड लाटी होती. अर्धीवर माझ्या दातांच्या खुणा होत्या.

"उरलीय," ते स्वतःशीच म्हणाले. आणि ती अर्धी त्यांनी तोंडात टाकली.

वहिनी सरबताचा पेला घेऊन दारात आली ती तिथेच थांबली. आम्हा दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनीही ती पटकन वळवली. बाबा बिनदातांच्या तोंडात लाटी घोळवत होते. कितीतरी वेळ घोळवत होते. मग दुसरी घेतली. "तिखट हाय," म्हणाले आणि पाणी मागितलं. पाणी प्याले आणि म्हणाले, "सूनबाय, पेज हाय काय गो?"

वहिनी आत पळाली. भांडी पडल्याचा आवाज आला. मी डोळे घट्ट मिटून घेतले, उघडले असते तर मला हुंदका आवरला नसता. डॉक्टरांना, वहिनीला, मला, भावाला, सगळ्यांना मिळून जे महिनोन् महिने जमलं नाही ते माझ्या उष्ट्या अर्ध्या लाटीनं केलं होतं. ते कसं झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पण मी पडले मास्तरीण. चांगलं चाललेलं बिघडवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी मी बाबांसाठी म्हणून कमी तिखट, कमी खाराच्या लाट्या शेजारणीकडून खास करून घेतल्या. उन्हाचा त्रास नको म्हणून थर्मासमध्ये ठेवल्या. पोचायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी थांबून त्या हँडलच्या पिशवीतल्या डबीत भरल्या, आणि हुशारी एवढी की एकीचा लचकाही तोडून ठेवला. मग काही माहीतच नसल्यासारखी ओटीवर आडवी झाले.

चेन वाजली. झाकण निघालं. बाबांनी लाटी बोटांनी दाबली, नाकाशी नेली आणि परत डबीत ठेवली.

"ही खिंड चढून आलेली नाय," ते म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

त्या दिवशी पेजही गेली नाही. दुपारी वहिनी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी नीट उन्हात शेकवून आणा." आम्ही दोघी तोंडावर पदर-ओढणी धरून हसलो, पण मला मनातून भीती वाटत होती. नळीची गोष्ट डॉक्टर अजून विसरले नव्हते.

तेव्हापासून मी लबाडी सोडली. जे माझ्या पिशवीत, जे मी वाटेत खरोखर खाल्लं, त्यातलंच जे राहील ते बाबांचं. आता खाऊ निवडणं हे दोघांच्या हिशेबानं करायला लागलं. उन्हात टिकायला हवं, एका हातानं तोंडात जायला हवं, माझ्या कोरड्या घशातून उतरायला हवं आणि रोह्याला पोचल्यावर म्हाताऱ्या माणसाला दाखवायच्या लायकीचं राहायला हवं. आंबापोळी या परीक्षेत चांगली पास झाली. खजुरांवर नागोठण्याच्या मुंग्यांनी हल्ला केला तरी तेही चालले. एकदा मी आईची आठवण करून तांदळाची भाकरी नेली, लसणाची चटणी लावून, घडी घालून. तिच्यातली चतकोर उरली. बाबांनी ती पिशवीतून काढून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "सूनबाय, माझी कवळी दे."

ती कवळी वाटीतून निघाली तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला. कवळी लावल्यावर बाबांनी ती चतकोर भाकरी चावून चावून संपवली. दुपारचं ताट मात्र त्यांनी अजून सरकवलंच. पिशवीतलं उरलेलं खायचे, वर थोडी पेज, बस्स. वजन उतरायचं थांबलं होतं, चढत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बघू.

मग मेमधला तो रविवार आला. त्या दिवशी सगळंच फिरलं. वडखळच्या पुढे चाक पंक्चर झालं आणि दुकान उघडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. समोरून वारा. डबीतल्या लाट्या एकेक करून गेल्या. भिसे खिंडीच्या माथ्यावर मी झाडाच्या बुंध्याशी बसले तेव्हा डबीत एकच शिल्लक होती, आणि मला अशी भूक लागली होती जशी आयुष्यात कधी लागली नव्हती. मी ती लाटी बोटांत धरली. ही बाबांची, मी स्वतःला सांगितलं. ही ठेवायचीच.

आणि मग मला कळलं. हातात लाटी धरलेली असताना, तिथे, खिंडीत.

बाबा याच रस्त्यानं यायचे. माझ्यासारखी गिअरची हलकी सायकल नव्हे, ती लोखंडी, जड. रविवारी एकदा नव्हे, रोज. डब्यात दोन भाकऱ्या असायच्या, त्यापलीकडे द्यायला आईकडेही नसायचं. एवढ्या भुकेत माणसाच्या डब्यात काही आपोआप उरत नाही. या झाडाखाली किंवा असल्याच कुठल्यातरी झाडाखाली बसून त्यांनी रोज भाकरी तोंडापाशी नेली असेल, आणि रोज चतकोर मोडून परत डब्यात ठेवली असेल, आणि झाकण लावलं असेल. आम्हाला वाटायचं, बाबांना भूक कमी. मला इतकं मोठं काही आजवर कुणी दाखवलं नव्हतं. समोर खिंडीचा उतार, खाली रोह्याकडे जाणारा रस्ता उन्हात लखलखत होता, आणि मी तोंडावर हात दाबून बसले होते.

एवढं सगळं समजल्यावर माणसानं काय करावं? मी ती लाटी खाल्ली. राहवलंच नाही. बाबांची लेक आहे, बाबा नव्हे.

उतारावर सायकल आपली आपण पळत होती आणि मी ब्रेक दाबत होते. रिकामी डबी बघून ते परत पलंगाकडे वळले तर? कवळी पुन्हा वाटीत गेली तर? वाटेत कुठे काही घ्यावं असं मनात आलं, पण खिंड न चढलेलं त्यांना कळतं.

बाबा ओटीवर वाटच बघत होते. मी आडवी झाले नाही, त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी चेन उघडली, झाकण काढलं. आत तेलाचा ओघळ होता फक्त.

"संपवलीस?"

"हो बाबा. खिंडीत धीर धरवला नाही."

त्यांनी बोटानं डबीतलं तेल पुसलं आणि ते बोट चाटलं. "बरा केलास," ते म्हणाले. "मला कधी जमला नाय."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला खावंसं वाटायचं?"

"तर! रोज वाटायचा. पन तुम्ही दोघां ओटीवर बसलेली असायचात." एवढं बोलून त्यांनी डबी पिशवीत ठेवली आणि चेन लावली.

दुपारी वहिनीनं ताटं वाढली. वालाचं बिरडं, भाकरी, भात. बाबांनी कवळी लावली आणि ताटावर बसले. आम्ही दोघी आपापल्या ताटात बघत होतो, मान वर करायची हिंमत होत नव्हती. भाकरी मोडल्याचा आवाज आला. पुन्हा आला. बिरड्याची वाटी ताटाला लागली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ताट सरकल्याचा आवाज आला. झालं, पुन्हा तेच.

मी मान वर केली. ताट माझ्याकडे सरकवलेलं होतं. बिरड्याची वाटी पुसून घेतल्यासारखी रिकामी होती, भात संपलेला होता, आणि ताटाच्या कडेला नीट मोडलेली चतकोर भाकरी होती.

"घे," बाबा म्हणाले. "उरलीय."

मी हात पुढे केला. तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला. भाऊ कंपनीतली शिफ्ट संपवून येत होता. त्यानं ताट बघितलं, बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पायांतले बूट न काढता तो तसाच आत आला आणि त्या भाकरीचं दुसरं टोक त्यानं धरलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो ओढत होता. मीही सोडली नाही.

"भांडू नका," बाबा म्हणाले. "अर्धी अर्धी."